अमेरिकेत दवाखाना आणि सॉफ्टवेअर: एका डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर

डॉक्टर, तुमचे पत्र दोनदा वाचले. एमबीबीएसनंतर चार वर्षे तुम्ही जनरल प्रॅक्टिस केली, एका अभियंता मित्राला हाताशी धरून मधुमेहाच्या रुग्णांच्या फॉलो-अपसाठी ॲप तयार केले, आणि आता दोन वर्षांत अमेरिकेत येऊन तंत्रज्ञानाच्या आधाराने प्राथमिक आरोग्यसेवा देणारी कंपनी काढायची आहे. रेसिडेन्सी (एमबीबीएसनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण) करावीच लागेल का, व्हिसा कोणता घ्यावा आणि हे ॲप येथे कोणाला विकावे, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी २००५ मध्ये रेसिडेन्सीसाठी येथे आले. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर २०१५ मध्ये दोन सहकाऱ्यांसह स्वतःचा दवाखाना आणि त्याला जोडून एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

नुसती कंपनी काढण्यासाठी रेसिडेन्सी लागत नाही. रुग्ण तपासण्यासाठी मात्र ती लागते. टेनेसीने २०२३ मध्ये कायदा करून परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी तात्पुरत्या लायसन्सची वाट उघडली आणि नंतर इतर काही राज्येही त्याच दिशेने गेली, पण त्या वाटेने बोर्ड सर्टिफिकेट, म्हणजे त्या शाखेतले तज्ज्ञ असल्याचे प्रमाणपत्र, मिळत नाही आणि विमा कंपन्या डॉक्टरला आपल्या यादीत घेताना बहुधा तेच मागतात. म्हणून फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षे पूर्ण करा, असेच मी सांगेन. याला व्यवसायाच्या दृष्टीने आणखी एक मोठे कारण आहे, आणि ते मला येथे येऊन दहा वर्षे झाल्यावर नीट समजले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास यांसारख्या अनेक राज्यांत डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला किंवा कंपनीला वैद्यकीय प्रॅक्टिसची मालकी घेता येत नाही. त्यामुळे गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या कंपन्या दोन भाग करतात: डॉक्टरच्या नावावर असलेली प्रॅक्टिस एकीकडे आणि तिला सॉफ्टवेअर, जागा, बिलिंग, नोकरवर्ग पुरवणारी व्यवस्थापन कंपनी दुसरीकडे. ओरेगॉनने २०२५ मध्ये या रचनेवरचे निर्बंध आणखी कडक केले. ज्याच्याकडे त्या राज्याचे लायसन्स आहे अशा संस्थापकाला प्रॅक्टिस स्वतःच्या नावावर ठेवता येते, आणि रुग्णाच्या हिताच्या प्रश्नावर गुंतवणूकदारांना नाही म्हणायची वेळ आली तर पायाखाली जमीन असते. लायसन्स नसलेल्या संस्थापकाला ते नाव दुसऱ्या डॉक्टरकडून मागून आणावे लागते.

आता व्हिसा. येथे घेतलेला निर्णय पुढची दहा वर्षे बांधून टाकतो, म्हणून सविस्तर लिहिते. रेसिडेन्सीसाठी बहुतेकांना जे-वन हा प्रशिक्षणाचा व्हिसा मिळतो. तो सहज मिळतो, पण शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट त्यात असते. ती माफ करून घेण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे कॉनराड ३० योजना: प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ नोकरी. दुसरा पर्याय एच-वनबीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, रेसिडेन्सी करण्याचा. त्यासाठी यूएसएमएलई या डॉक्टरांच्या लायसन्स परीक्षेची तिसरी पायरी आधीच उत्तीर्ण व्हावी लागते, तो देणारी रुग्णालये थोडी आहेत, आणि सहा वर्षांच्या मर्यादेतली तीन वर्षे शिक्षणातच खर्च होतात. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वनबी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी काय नियम आहे हे इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी विचारून घ्या.

दोन्ही वाटांत संस्थापकासाठी एक अडथळा समान आहे. या व्हिसांवर ज्याने प्रायोजित केले त्याच्याकडेच काम करता येते. कंपनीत भाग असू शकतो, पण तिच्यासाठी काम करता येत नाही, आणि हा फरक इमिग्रेशन खाते फार गांभीर्याने पाहते. विद्यापीठांशी जोडलेल्या रुग्णालयांना एच-वनबीची वार्षिक मर्यादा लागू होत नाही. तुमच्या नव्या खासगी कंपनीला ती लागू होईल, म्हणजे सोडत आली. १७ जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या मालकीच्या कंपनीमार्फत एच-वनबी मिळवण्याची स्पष्ट तरतूद झाली आहे, परंतु मालकी तुमच्या हाती असेल तर पहिली मंजुरी जास्तीत जास्त १८ महिन्यांची असते. टंचाईच्या भागात पाच वर्षे काम करण्याच्या अटीवर राष्ट्रहिताच्या सवलतीखाली, म्हणजे मालकाच्या प्रायोजनाशिवाय, ग्रीन कार्डचा अर्ज स्वतःच करता येतो. मी तेच केले आणि २०१४ मध्ये सुटले. आज त्याच वर्गात भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून लांब आहे. तेव्हा दोन वर्षांत कंपनी हा हिशेब मनातून काढून टाका. तीन वर्षे रेसिडेन्सी, तीन ते पाच वर्षे नोकरी, असा काळ धरा आणि तो वाया जाणार आहे असे मुळीच समजू नका.

माझी नोकरीची वर्षे मध्य-पश्चिमेकडच्या एका लहान गावात गेली. सुमारे दोन हजार लोक माझ्या पॅनेलवर होते, म्हणजे त्यांची फॅमिली डॉक्टर म्हणून माझे नाव होते. संध्याकाळी साडेपाचला शेवटचा रुग्ण गेला की खरा दुसरा दिवस सुरू व्हायचा. संगणकावरच्या इनबॉक्समध्ये चाळीस-पन्नास गोष्टी थांबलेल्या असत: रक्तदाबाच्या गोळीचे रिफिल, प्रयोगशाळेचे अहवाल, विमा कंपनीने परत पाठवलेली पूर्वपरवानगी, एखाद्या आजोबांच्या मुलीचा निरोप की बाबांचे पाय सुजले आहेत. हा शेवटचा निरोप एकविसाव्या क्रमांकावर असायचा, कारण यादी वेळेनुसार लागत होती, तातडीनुसार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले होते की रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरचे जवळपास दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात. २०२२ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की अडीच हजारांचे पॅनेल असलेल्या डॉक्टरने मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सारे काही करायचे ठरवले, तर दिवसाला २६.७ तास लागतील. तेच काम परिचारिका, औषधतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ यांच्यात वाटले तर डॉक्टरच्या वाट्याला ९.३ तास येतात. या दोन आकड्यांमधले अंतर पाहा. सॉफ्टवेअरने काय करावे याचे उत्तर तेथे आहे: कोणते काम कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या माहितीसह जावे, हे ठरवणे. मी पुढे जे सॉफ्टवेअर करून घेतले त्याची पहिली आवृत्ती म्हणजे त्या इनबॉक्सची नीट लावलेली यादी होती, आणि ती सुचायला मला रोज संध्याकाळी ते टेबल लागले.

तिसरा प्रश्न विक्रीचा. तो मी थोडा बदलून घेते, कारण येथे ॲप कोण वापरतो यापेक्षा त्या कामाचे पैसे कोण, कशाबद्दल देतो यावर सारे अवलंबून असते. रुग्ण पैसे देत नाही, डॉक्टरकडे नसतात, आणि मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी विमा) व विमा कंपन्या प्रत्येक सेवेच्या ठरावीक कोडनुसार देतात. घरून रक्तदाब किंवा साखर मोजून पाठवण्याच्या सेवेचे कोड २०१९ मध्ये आले, तेव्हा आम्हीही उत्साहाने ती सेवा सुरू केली. उपकरणाच्या कोडची, म्हणजे ९९४५४ ची, अट अशी होती की ३० दिवसांतल्या किमान १६ दिवसांची नोंद हवी. बारा दिवस मोजलेल्या रुग्णाचा या कोडखाली एक पैसाही मिळत नसे. वैद्यकीयदृष्ट्या अनेकांना आठवड्यातून दोनदा मोजणे पुरेसे होते, तरी आमचे सॉफ्टवेअर त्यांना रोज आठवण करू लागले. (२०२६ पासून २ ते १५ दिवसांसाठी वेगळा कोड आला आहे, इतक्या एका ओळीने कित्येक कंपन्यांचे गणित बदलले.)

त्याच सेवेत आमच्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे. एका शुक्रवारी सायंकाळी सात वाजता एका बाईंचे यंत्र २०४ वर ११२ असा दाब दाखवत होते. सूचना बिनचूक आली, लाल रंगात आली, आणि रिकाम्या दवाखान्यातल्या पडद्यावर सोमवार सकाळपर्यंत तशीच राहिली. त्या बाई शनिवारी पहाटे डोकेदुखीने स्वतःच इमर्जन्सीत गेल्या आणि सुखरूप घरी आल्या. मला मात्र त्या सोमवारची पहिली पाच मिनिटे अजून आठवतात. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. सूचना आल्यावर फोन कोणी उचलायचा हे आम्ही ठरवलेच नव्हते. त्यानंतर आम्ही नियम केला की ज्या वेळेला जबाबदार परिचारिकेचे नाव लिहिलेले नाही, त्या वेळेची नोंद स्वीकारायचीच नाही, आणि रुग्णाला ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचे.

दुसऱ्यांच्या कामातून शिकायचे तर दोन डॉक्टर संस्थापकांचा अभ्यास करा. टॉम ली यांनी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वन मेडिकल ही दवाखान्यांची कंपनी सुरू केली: वार्षिक वर्गणी, त्याच दिवशी भेट, आणि बाकीचे बिल नेहमीप्रमाणे विम्याला. ॲमेझॉनने ती २०२३ मध्ये सुमारे ३.९ अब्ज डॉलरना घेतली. रुशिका फर्नांडोपुले यांच्या आयोरा हेल्थची वाट वेगळी होती. त्यांनी भेटीगणिक बिल करणेच सोडले, दर रुग्णामागे ठरलेली रक्कम घेतली, डॉक्टरपेक्षा संख्येने अधिक आरोग्य-मार्गदर्शक नेमले आणि नोंदींची प्रणाली स्वतः बांधली, कारण बाजारातल्या प्रणाली बिलासाठी घडलेल्या होत्या. मला दुसरे उदाहरण जास्त मोलाचे वाटते, कारण तेथे पैशाची रीत आधी बदलली आणि तंत्रज्ञान तिच्यामागून आले. उलट २०१६ मध्ये निघालेली फॉरवर्ड ही कंपनी डॉक्टरशिवाय चालणाऱ्या तपासणी-कक्षांपर्यंत पोहोचली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. वॉलमार्टनेही त्याच वर्षी आपली ५१ आरोग्यकेंद्रे बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा भांडवल आणि यंत्रे असली की हा धंदा चालतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

काही गोष्टी थोडक्यात. व्हिडिओवर रुग्ण पाहताना रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तेथील लायसन्स लागते. राज्याराज्यांतल्या करारात सामील असलेल्या राज्यांत ते लवकर मिळते, पण प्रत्येक राज्याचे वेगळेच घ्यावे लागते. रुग्णाच्या माहितीला १९९६ चा हिपा कायदा लागू आहे, म्हणून माहिती साठवणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराशी लेखी करार हवा. नोकरी सोडताना मागील काळातल्या दाव्यांसाठीचा विमा, ज्याला येथे टेल म्हणतात, कोण भरणार हे करारातच लिहून घ्या. आणि रुग्णालयाच्या नोकरीच्या करारात तुम्ही शोधलेल्या गोष्टीची मालकी कोणाची, हे कलम सहीपूर्वी वकिलाला दाखवा. माझ्या एका मित्राने ते वाचले नाही आणि रात्री जागून लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर त्याला मालकाशी दीड वर्ष वाटाघाटी कराव्या लागल्या.

तुमच्या हातातल्या दोन वर्षांत ईसीएफएमजीची, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, प्रक्रिया सुरू करा. यूएसएमएलईच्या पहिल्या पायरीचा निकाल २०२२ पासून फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे निवड करणाऱ्यांचे लक्ष दुसऱ्या पायरीच्या गुणांवर असते. सारा जोर तेथे लावा. ॲपची मालकी कागदोपत्री मित्राच्या आणि तुमच्या कंपनीकडे आताच वर्ग करा आणि येथे आल्यावर रोजचा कारभार त्यांच्याकडे राहू द्या.

शेवटी माझी एक विनंती. शंभर रुग्णांमागे तुमच्या ॲपवर आठवड्याला किती सूचना येतात, त्यांतल्या किती सूचनांवर कोणीतरी फोन केला, आणि फोन करणाऱ्याचे शिक्षण काय, हे आकडे मला कळवा. ते आले की या ॲपला येथे कोणत्या कोडखाली पैसे मिळू शकतील, की ठरलेल्या मासिक रकमेच्या दवाखान्यातच ते चालेल, हे आपण एकेक ओळ घेऊन तपासू.