शिकाऊ वैमानिकाने रेडिओवर बोलण्याचा सराव कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याचे आहात, बारावीपर्यंत मराठी माध्यम, स्टुडंट पायलट लायसन्स हातात आलंय, विमान बऱ्यापैकी सांभाळता येतंय. पण टॉवरने (विमानतळावरच्या नियंत्रण कक्षाने) काही सांगितलं की निम्मं कळत नाही आणि बटण दाबलं की शब्द सुचत नाहीत. तर आधी इंग्रजी संभाषणाचा क्लास लावावा का?

निदान याच्यासाठी तरी क्लास लावू नका. रेडिओवर मोकळं इंग्रजी फारसं लागतच नाही. मोजके ठरलेले शब्द असतात, ठरलेल्या क्रमाने येतात आणि मधे आकडे असतात. आपल्याकडची मुलं अडतात ती व्याकरणावर नाही. पुढे काय येणार हे ठाऊक नसतं आणि आकडे कानावरून निसटतात, तिथे अडतात. म्हणून सराव या दोन गोष्टींचा करा.

आधी क्रम. पहिल्या कॉलमध्ये चारच गोष्टी असतात: कोणाला बोलावतोय, मी कोण, मी कुठे, मला काय हवंय. समजा तुमच्या विमानाचा नोंदणी क्रमांक व्हीटी-एकेपी आहे (रेडिओवर प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द म्हणतात) आणि तुम्ही जळगावला परत येताय. कॉल असा होईल:

"जळगाव टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा किलो पापा, सेसना वन सेव्हन टू, वन झिरो माइल्स नॉर्थ, ओव्हर तापी रिव्हर, टू टाउजंड फाइफ हंड्रेड फीट, रिक्वेस्ट जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स."

यातलं 'वन झिरो माइल्स नॉर्थ' गाळून नुसतं 'ओव्हर तापी' म्हणणारे बरेच सापडतात. तापी बऱ्हाणपूरकडून येते आणि थेट सुरतेपर्यंत जाते. त्यावरून टॉवरला तुमचा पत्ता लागत नाही. दिशा आणि अंतर आधी, खूण मागून. भुसावळचं रेल्वे यार्ड, दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या या खुणा वरून लगेच ओळखू येतात. त्या प्रत्येक खुणेपासून विमानतळ किती मैलांवर आणि कोणत्या दिशेला आहे, हे नकाशावर मोजून पाठ करून ठेवा. हवेत बसून अंदाज बांधू नका.

आता उत्तर ऐकण्याचं. टॉवर काय काय सांगू शकतं हे आधीच माहीत असतं, म्हणून मांडीवरच्या नीबोर्डवर निघण्यापूर्वीच रिकाम्या जागा आखून ठेवा: धावपट्टी, क्यूएनएच (अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारवर ओळख पटावी म्हणून लावायचा चार अंकी कोड), उंची, पुढचा रिपोर्ट कुठे द्यायचा. टॉवर बोलत असताना वाक्य लिहायला जाऊ नका, फक्त आकडा भरा. "टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट रनवे टू सेव्हन, क्यूएनएच वन झिरो झिरो एट" यातून कागदावर '२७' आणि '१००८' एवढंच उतरायला हवं. बाकीचे शब्द तुम्हाला आधीच पाठ असतात. याची एक वाईट बाजूही आहे. काय येणार हे माहीत असलं की माणसाला जे अपेक्षित आहे तेच ऐकू येतं. कालपर्यंत २७ वापरात होती, आज वारा फिरून उलट दिशेची ०९ दिली, तरी तोंडून 'टू सेव्हन' निघतं. म्हणून जागा आखा, पण त्यात आधीच आकडा भरून ठेवू नका.

आकड्यांत मराठी बोलणाऱ्याची एक खास अडचण आहे आणि ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. आपण एकक आधी बोलतो: तेवीस म्हणताना तीन आधी, वीस नंतर. कानावर 'टू थ्री' आलं, मनात त्याचं 'तेवीस' झालं आणि परत सांगताना 'थ्री टू' बाहेर पडलं, असं दमलेल्या डोक्याने सहज होतं. रनवे २३ आणि ३२ दोन्ही असू शकतात, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशांत) ०२३ आणि ०३२ तर असतातच. उपाय एकच: रेडिओचा आकडा मनात जोडायचाच नाही. 'दोन-तीन' असा सुटा ठेवायचा. सरावासाठी रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर घ्या. एसटी स्टँडवर उभं राहून एमएच-१८, एमएच-१९, एमएच-३९ जे दिसेल ते अक्षरांसकट मोठ्याने म्हणा: माइक हॉटेल वन नाइनर... तीनसाठी 'ट्री', चारसाठी 'फोअर', पाचसाठी 'फाइफ', नऊसाठी 'नाइनर' हे उच्चार तेव्हाच जिभेवर बसवा. क्यूएनएच, हेडिंग, फ्रिक्वेन्सी, स्क्वॉक हे एकेक अंक सुटा सांगायचे. उंची मात्र हजार आणि शेकड्यात. स्क्वॉकमध्ये ८ आणि ९ कधीच नसतात, चारही अंक ० ते ७ मधलेच. तुम्हाला त्यात 'नाइनर' ऐकू आलं तर चुकीचं ऐकलंय असं समजून 'से अगेन' म्हणा.

'से अगेन' म्हणायला लाजू नका. टॉवरला त्याचा राग येत नाही. खरा घोळ 'रॉजर' करतो. रॉजर म्हणजे 'तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं', एवढंच. 'हो' म्हणायचं तर 'अफर्म', 'तसं करतो' म्हणायचं तर 'विल्को'. आणि धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, टेक-ऑफ, लँडिंग, क्यूएनएच, स्क्वॉक, उंची, हेडिंग, वेग, वापरातली धावपट्टी यांपैकी काहीही आलं तर रॉजर चालतच नाही. आकड्यासकट परत वाचून दाखवायचं (यालाच रीडबॅक म्हणतात) आणि शेवटी आपलं कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव. वाऱ्याचा वेग परत सांगायची गरज नाही. कॉलसाइन 'व्हिक्टर किलो पापा' असं छोटं तुम्ही आपणहून करायचं नाही. टॉवरने तसं हाक मारल्यावरच.

'टेक-ऑफ' हा शब्द तर जपून वापरा. परवानगी मिळेपर्यंत 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणायचं. 'टेक-ऑफ' फक्त 'क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ' आल्यावर, ते परत वाचताना. हा नियम २७ मार्च १९७७ च्या तेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या अपघातानंतर घट्ट झाला. धुक्यात एका जम्बोने परवानगी नसताना धाव घेतली, दोन जम्बो धावपट्टीवरच भिडले आणि ५८३ माणसं गेली. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५,००० फूट दिले होते, ते त्याच्या खाली आलं होतं. दिलेला आकडा परत वाचणं आणि तो खरोखर पाळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून रीडबॅक संपताच बोट त्या उपकरणावर ठेवून आकडा तपासा. क्यूएनएच लावल्यावर एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेत) उभं असताना अल्टिमीटरने विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवायला हवी. १० हेक्टोपास्कल चुकले तर साधारण ३०० फुटांचा फरक पडतो.

बटणाचं तंत्र: आधी ऐका, कोणी बोलत नसेल तर बटण पूर्ण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. दाबता दाबता बोललात तर पहिला शब्दच कापला जातो आणि तो बहुधा टॉवरचं नाव किंवा तुमचं कॉलसाइन असतो. विमानाचा व्हीएचएफ एएम पद्धतीचा असतो. दोघे एकदम बोलले तर नुसती शिट्टी ऐकू येते आणि कोणाचंच धड पोचत नाही. माइक ओठांच्या अगदी जवळ असावा. उन्हाळ्यात घाम येऊन हेडसेट सरकतो, माइक हनुवटीखाली जातो आणि टॉवरला तुमच्यापेक्षा इंजिन जास्त ऐकू येतं. बराच वेळ कोणाचाच आवाज आला नाही तर बटण अडकलंय का आणि सेटवर टीएक्सची (प्रक्षेपण चालू असल्याची) खूण पेटलेलीच आहे का, ते बघा. वेग मिनिटाला १०० शब्दांच्या आत. घाईत बोललात तर टॉवरही त्याच वेगाने उत्तर देतं, हे लक्षात असू द्या.

घरी सरावासाठी इंटरनेटवरची रेकॉर्डिंग ऐकणार असाल तर अमेरिकन विमानतळांची टाळा. तिथे दाब इंचात सांगतात आणि 'डेसिमल'च्या जागी 'पॉइंट' म्हणतात. ती सवय इथे परीक्षेत आडवी येते. एअरबँडचा रिसीव्हर ऑनलाइन मागवू नका, परवान्याशिवाय असा सेट बाळगणं कायद्यात बसत नाही. त्यापेक्षा तुमचं फ्लाइंग नसेल त्या दिवशी स्कूलच्या सेटजवळ परवानगी काढून बसा आणि दुसऱ्याला आलेल्या प्रत्येक सूचनेचा रीडबॅक मनात म्हणा. बोलण्याआधी ऐकण्यात घालवलेला हा वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

परवान्याबद्दल: आरटीआर, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरण्याच्या परवान्याची परीक्षा, पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाल्यापासून ती डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) आली आहे, म्हणून सिनियर्सच्या जुन्या नोट्समधली अर्जाची पद्धत तशीच धरू नका.

आणि रेडिओच बंद पडला तर? व्हीएचएफ सरळ रेषेत जातो. सातपुड्याच्या आड, खाली उडत असाल तर सेट ठणठणीत असूनही टॉवर ऐकू येणार नाही. आधी उंची घ्या. मग व्हॉल्यूम, हेडसेटचे दोन्ही जॅक, फ्रिक्वेन्सी, आधीची फ्रिक्वेन्सी, दुसरा सेट, या क्रमाने तपासा. तरी काही नाही तर स्क्वॉक ७६००, आणि ऐकू येत नसलं तरी आपली स्थिती बोलत राहा. कदाचित फक्त तुमचा रिसीव्हर गेला असेल. विमानतळाजवळ आल्यावर टॉवरकडे नजर ठेवा, तिथून दिव्याने खुणा करतात. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नका. दिवे दिसले हे कळवायला दिवसा पंख हलवायचे. बेस आणि फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या दोन टप्प्यांत) मात्र तशी अपेक्षा नसते, तिथे विमान स्थिर ठेवून उतरा.