सहावीच्या मुलांना गावातल्या इमारतींमधले भौमितिक आकार ओळखायला कसं शिकवावं?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की वर्गाला गावातून फिरवून 'आकार ओळखा' घ्यायचंय, सोपा उपक्रम सुचवा, आणि त्यासाठी सहल संभाजीनगरला न्यावी का. सहलीचं आधी सांगतो, ह्या कामासाठी नेऊ नका. तिथला बीबी का मकबरा एरवी जरूर दाखवा, आत कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे, वरून वाकून बघत लेकरं त्याचे कोपरे मोजतात, मजा येते. पण तिथं टेप लावून मोजू कोण देणार? आणि मोजता येणार नसेल तर नुसतं बोट दाखवून नावं घेत फिरायला बसचं भाडं कशाला.

आकार मोजून ओळखायचा असतो. एवढ्या एका वाक्यावरून माझं एका सहकारी सरांशी वाजलं होतं ते आजतागायत मिटलेलं नाही.

औसा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट. ह्या सरांनी मोठ्या हौसेनं तक्ता केला होता, देवळाचं शिखर म्हणजे त्रिकोण, घुमट म्हणजे अर्धवर्तुळ, पाण्याची टाकी म्हणजे वर्तुळ, तपासणीला आलेले साहेब पण खूश. घटक चाचणीत त्यांनी प्रश्न टाकला, शाळेशेजारच्या जुन्या वाड्याच्या खिडकीला जी लाकडी जाळी आहे तिच्यातल्या भोकांचा आकार कोणता. सगळ्या वर्गानं लिहिलं डायमंड, कारण तक्त्यावर तसं होतं. एका पोरानं लिहिलं चौरस. सरांनी लाल पेनानं फुली मारली. पोरगं गवंड्याचं, गप्प बसणारं नव्हतं, पेपर घेऊन माझ्याकडं आलं, "सर, ह्ये चौरसच हाय की, मी गुन्या लावून बघितलाय."

गुन्या म्हणजे गवंडी-सुतारांचा काटकोन. बापाच्या पिशवीतून आणून ह्यानं खरंच जाळीला लावून बघितला होता! मला तर पोराचा मुका घ्यावासा वाटला. दुसऱ्या दिवशी मी अख्खा वर्ग वाड्यापाशी नेला आणि सरांनाही या म्हटलं. भोक छोटं, गुन्या नीट आत जाईना, मग वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा कापून प्रत्येक कोनात बसवला, तंतोतंत बसला. चारही बाजू पट्टीनं मोजल्या, सारख्या. लाकूड जुनं, कुठं आखडलेलं, तेव्हा एखाद्या भोकात मिलिमीटरभर इकडंतिकडं होतं, ते सोडा. चारही बाजू सारख्या, चारही कोन काटकोन, आता ह्याला चौरस नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सर म्हणाले, "पण तिरपा आहे ना."

तिरपा आहे! म्हणजे उद्या मी आडवा झोपलो तर मी माणूस नाही का? हे मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो आणि तिथंच बिनसलं, नंतर स्टाफरूममध्ये चहा वेगवेगळा. आकाराच्या अंगात काय आहे ते बघायचं, तो कसा ठेवलाय ते नाही. व्हॅन हिले म्हणून डच नवराबायको होते, दोघंही गणिताचे शिक्षक, त्यांनी १९५७ साली ह्यावरच काम केलंय, की मूल सुरुवातीला आकार नुसत्या दिसण्यावरून ओळखतं आणि पुढं जाऊन त्याच्या बाजू-कोन बघायला लागतं. ही पुढची पायरी शिक्षकानं चढवावी लागते. सरांचा तक्ता लेकरांना पहिल्याच पायरीवर बसवून ठेवत होता, आणि हीच लेकरं आठवीत चौकोनाचे प्रकार आले की 'प्रत्येक चौरस हा समभुज चौकोन असतो' ह्या वाक्याला अडखळतात, मग आपण म्हणतो पाया कच्चा. कच्चा कुणी ठेवला?

असो. तुमच्या उपक्रमाचं सांगतो. एखाद्या गवंड्याला अर्धा तास वर्गात बोलवा. पाया आखताना तो एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करतो आणि तिरकं पाच भरलं की म्हणतो कोन बसला, हे पोरांनी अंगणात स्वतः करून बघू दे. मग वर्गखोलीचे दोन्ही कर्ण मोजायला लावा. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून कर्णात दोन-तीन इंचाचा फरक निघाला तर खोली आयत नाही, आणि तसं असेल तर शहाबादी फरशीची शेवटची ओळ बघा, भिंतीपाशी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती पट्टी कापून बसवलेली असते. आयत आणि समांतरभुज चौकोन यातला फरक मी फळ्यावर कधी इतका चांगला शिकवू शकलो नाही.

कमानींचं पण तेच. गढीच्या, वेशीच्या दरवाजाची टोकदार कमान तक्त्यावर अर्धवर्तुळ म्हणून लावलेली असते. ती नसते. ग्राउंडवर दोन खुंट्या ठोका, सुतळी आणि फक्की घ्या, दोन वेगळ्या केंद्रांवरून दोन कंस मारा, जिथं छेदतील ते टोक. एकाच खुंटीवरून काढलं तर गोल येतं, टोक येत नाही, हे पोरांना हातानं कळतं. आणि देवळाचं शिखर त्रिकोण नव्हे हो, कडा वाकलेल्या असतात, शिवाय ती वस्तू आहे, सपाट आकृती नाही. टाकी वर्तुळ नाही, दंडगोल आहे. आमच्याच तालुक्यात गुबाळला १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घुमटासारखी घरं बांधली, तिथल्या लेकराला विचारा चौकोनी कपाट भिंतीला टेकतं का, वक्र पृष्ठभाग म्हणजे काय ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल.

आमच्या सरांना निदान एवढं तरी मान्य करायला हवं होतं की त्या पोराचा एक मार्क जायला नको होता. मी मुख्याध्यापकांकडं गेलो होतो, ते म्हणाले एका मार्कासाठी कशाला वाद. मार्क मिळालाच नाही. पोरगं आता सेंटरिंगची कामं घेतं, चांगलं चाललंय.

आणि हो, सगळ्या जाळ्या चौरसाच्या नसतात, काहींचे कोन खरंच काटकोन नसतात, म्हणून आधी तुम्ही एकटे जाऊन मोजून या, नाहीतर वर्गासमोर फजिती. पडक्या वाड्याच्या आत आणि बारवेच्या काठावर सहावीची पोरं न्यायची नाहीत, बाहेरून जेवढं हाताला लागतं तेवढंच. घरमालकाला आदल्या दिवशी सांगा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, आणि मार्चनंतर करणार असाल तर सकाळच्या शाळेतच, नऊच्या आत उरका.