इंग्लंडमध्ये लोक दुसऱ्याच्या शेतातून बिनधास्त चालत जातात आणि शेतकरी काही बोलत नाही, असं व्हिडिओत पाहिलं. हे कायदेशीर आहे का? ही मुभा आली कुठून?

हो, कायदेशीर आहे, पण वाटेल तिथून नाही. व्हिडिओत तुम्ही जी वाट पाहिलीत ती बहुधा सार्वजनिक पायवाट असणार. जमीन शेतकऱ्याची, तिच्यावरून जायचा हक्क मात्र सगळ्यांचा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे 2,25,000 किलोमीटर भरते.

शेतकरी मनानं उदार आहे म्हणून हे चालतं, असं समजू नका. शेताच्या मधून जाणारी पायवाट त्यानं नांगरली, तर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, तीही किमान 1 मीटर रुंद. नाही केली तर कौन्सिल करून घेते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. मँचेस्टरजवळ राहायला आल्यापासून माझे बरेचसे रविवार या वाटांवर गेलेत. हसून हात करणारे शेतकरी भेटतात, तसे पायवाटेच्या फाटकाला मुद्दाम खाजकुयलीगत झुडपं वाढू देणारेही भेटतात.

आपल्याकडे वहिवाटीच्या रस्त्यावरून तहसीलदारापर्यंत गेलेली भांडणं ज्यांनी घरात पाहिलीत, त्यांना यातलं तत्त्व लगेच कळेल. आपल्या 1882 च्या सुखाधिकार कायद्यात 20 वर्षांच्या अखंड वापराची अट आहे, आणि इंग्लंडमध्येही 20 वर्षं लोक उघडपणे, कुणाची परवानगी न मागता चालत राहिले तर मालकानं ती वाट लोकांना दिली असं कायदा धरून चालतो. फरक इतकाच की आपल्याकडची वहिवाट बहुतेक वेळा मागच्या शेतवाल्यापुरती असते. तिकडे त्या गावाशी काडीचा संबंध नसलेला, कालच पुण्याहून उतरलेला माणूसही त्या वाटेनं जाऊ शकतो.

आता ही मुभा आली कुठून. खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा: आधी गेली कुठे? इंग्लंडमधल्या गावांना गायराना-कुरणांसारख्या सामाईक जमिनी होत्या. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं 5,000 हून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमिनीला कुंपण घालायला परवानगी दिली. जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी. त्याच्या हेल्पस्टन गावासाठी असा कायदा 1809 मध्ये झाला, तेव्हा तो ऐन पोरवयात होता. लहानपणी जिथे हुंदडलो तिथे आता पाटी लावून हाकलतात, हे दुःख त्याच्या कवितेत पुन्हा पुन्हा येतं. निसर्गकवी म्हणून आपल्याला शाळेत वर्डस्वर्थ शिकवतात, क्लेअर नाही. माझ्या मते हा अन्याय आहे.

वर्डस्वर्थची गोष्ट जरा गमतीची. लेक डिस्ट्रिक्ट हा वायव्य इंग्लंडमधला तळ्या-डोंगरांचा त्याचा मुलूख. तो म्हणजे एक प्रकारे साऱ्या राष्ट्राची मालमत्ता, असं त्यानं त्या भागावरच्या आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय. पण 1844 मध्ये केंडलहून विंडरमिअरला रेल्वे आणायचं ठरलं, तेव्हा हाच माणूस वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोध करत होता. गिरणीतल्या मजुरांना झुंडीनं इथे आणून काय साधणार, असा एकूण सूर. रेल्वे तरी 1847 मध्ये आलीच.

त्याच गिरण्यांच्या मँचेस्टर-शेफिल्डच्या मधे पीक डिस्ट्रिक्टची पठारं आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं जे उत्तर इथे कुणीही देईल ते तिथलंच: किंडर स्काउट, 24 एप्रिल 1932. किंडर हा त्या भागातला सर्वात उंच माथा, 636 मीटर. कळसूबाई चढलेल्यांना हसू येईल, पण तेव्हा तिथे पाऊल ठेवायची सोय नव्हती. डेव्हनशायरच्या ड्यूकसारख्या मालकांनी ही माळरानं ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखली होती. शिकारीचा हंगाम 12 ऑगस्टला सुरू होऊन 10 डिसेंबरला संपतो. त्यातही साहेब लोक येणार मोजके दिवस, आणि बाकी वर्षभर राखणदार काठ्या घेऊन फिरणार. खाली शहरात मंदी, हजारो तरुण बेकार, फुकटात करण्याजोगी गोष्ट एकच, चालणं, आणि डोळ्यांसमोरचा डोंगर बंद.

ईस्टरच्या सुमारास कामगार क्रीडा संघटनेच्या काही पोरांना ब्लीकलो या जवळच्याच पठारावरून राखणदारांनी हाकललं. पाचदहा जण गेले की हाकलतात, मग शेकड्यांनी जाऊ, असं ठरलं. पुढाकार बेनी रॉथमनचा. मँचेस्टरचा 20 वर्षांचा ज्यू पोरगा, कम्युनिस्ट. रेल्वे स्टेशनवर पोलीस वाट बघत असतील म्हणून हा गडी सायकल मारत किंडरच्या पायथ्याच्या हेफिल्ड गावी पोचला. बाउडन ब्रिजच्या जुन्या खाणीत चारेकशे लोक जमले. ठरलेल्या वक्त्यानं ऐनवेळी कच खाल्ली, मग भाषण रॉथमननंच ठोकलं. विल्यम क्लफच्या घळीतून वर चढताना राखणदारांशी झटापट झाली, त्यात एक राखणदार जखमी झाला. वर पलीकडच्या एडेल गावाकडून आलेली शेफिल्डची मंडळी भेटली, आणि सगळे परत खाली आले. खरं सांगायचं तर माथ्यापर्यंत ते गेलेच नाहीत.

गावात पोलीस उभेच होते. सहा जण धरले, त्यातल्या पाच जणांना डर्बीच्या कोर्टात 2 ते 6 महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला 4 महिने. खटला पुढे पाठवायचा की नाही हे ठरवणाऱ्या मोठ्या ज्युरीत ब्रिगेडियर, कर्नल, मेजर आणि जहागीरदार. आरोप कसले? दंगलीचे, मारहाणीचे. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा तेव्हाच्या कायद्यात फौजदारी गुन्हाच नव्हता, आजही साधारणपणे नाही. ‘आत शिरल्यास खटला भरू’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. जुने भटके त्यांना लाकडी थापा म्हणत.

आता माझं थोडं वेगळं मत. किंडरच्या पोरांमुळे डोंगर खुले झाले असं इथे सर्रास सांगितलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. एक तर ते पहिले नव्हते: 1896 मध्ये बोल्टनजवळ विंटर हिलवर बंद केलेल्या वाटेसाठी हजारोंचा मोर्चा गेला होता. दुसरं, चालणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटनांनी किंडरच्या या प्रकाराला विरोधच केला होता. कारण खासदार जेम्स ब्राइसनं 1884 मध्ये डोंगर खुले करायचं विधेयक मांडलं तेव्हापासून चालणारे पार्लमेंटचे उंबरे झिजवत होते, आणि राड्यामुळे सगळं बिघडेल अशी त्यांना धास्ती. शिक्षा ऐकल्यावर मात्र लोकांचं मन फिरलं. त्याच वर्षी विनॅट्स खिंडीतल्या सभेला दहा हजारांच्या घरात माणसं जमली. तरीही 1939 मध्ये जो कायदा आला त्यात मालकांच्या बाजूनं इतकी भर पडली होती की काही परिस्थितीत नुसतं आत शिरणंही गुन्हा ठरलं असतं. किंडरनंतर 7 वर्षांनी ही स्थिती!

खरं काम झालं 1949 च्या कायद्यानं, ॲटलींच्या मजूर सरकारच्या काळात. त्यातून राष्ट्रीय उद्यानं आली. पहिलं 1951 मध्ये, तेही पीक डिस्ट्रिक्टच. पण त्याच कायद्यातलं कंटाळवाणं कलम मला जास्त मोलाचं वाटतं. प्रत्येक काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा नकाशा करायचा, आणि एकदा त्यावर वाट उमटली की तिच्या असण्याचा दुसरा पुरावा लागणार नाही. मग गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांची, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतींची, माणसं नकाशे घेऊन वाटा चालत सुटली. म्हाताऱ्यांना विचार, जुने कागद काढ, फाटक आहे का बघ. गोंधळही भरपूर झाले: एका गावानं वाट नोंदवली, शेजारच्यानं नाही, त्यामुळे काही वाटा आजही शिवेवर येऊन अचानक संपतात. पण तुमच्या व्हिडिओतली वाट टिकली असेल तर बहुधा अशाच एखाद्या नोंदीमुळे. रॉथमनवर गाणी झाली, या कारकुनी करणाऱ्यांवर कुणी करणार नाही.

वाटेवरून चालणं वेगळं आणि माळावर वाटेल तसं भटकणं वेगळं. हा दुसरा हक्क इंग्लंड-वेल्सला 2000 च्या कायद्यानं मिळाला, तोही फक्त डोंगर, माळरान आणि सामाईक जमिनींपुरता. इंग्लंडच्या जेमतेम 8 टक्के भूभागावर तो लागू आहे. स्कॉटलंडनं 2003 मध्ये एका फटक्यात जवळजवळ सगळीच जमीन आणि तळीही खुली केली. जबाबदारीनं वागा, उभ्या पिकात आणि कुणाच्या अंगणात शिरू नका, बाकी तंबूसुद्धा ठोका. इंग्लंडमध्ये तंबूची अशी मोकळीक जवळपास फक्त नैर्ऋत्येकडच्या डार्टमूरच्या माळरानावर. तीही एका जमीनमालकानं कोर्टात खेचली, 2023 च्या जानेवारीत उच्च न्यायालयात तो जिंकला, जुलैत अपिलात हरला, आणि अखेर 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तंबूवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला.

किंडरच्या बाबतीत 2002 मध्ये, 70 वर्षांनी, तेव्हाच्या ड्यूकनं आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

इकडे आलात तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा 1:25,000 चा नकाशा घ्या. त्यात हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा, पिवळसर रंगाचा भाग म्हणजे मोकळं भटकायची जमीन. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं. वासरं असलेल्या गायींपासून लांब राहा, सोबत कुत्रा असेल तर जास्तच. गायींनी अंगावर धाव घेतली तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, त्याचं तो बघून घेतो. किंडरला जायचं असेल तर मँचेस्टर-शेफिल्ड मार्गावरच्या एडेल स्टेशनवर उतरा, हेफिल्डला आता रेल्वे नाही. वर पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, काळा चिखल आणि घळ्यांचं जाळं आहे, ढग उतरले की दिशा कळत नाही, तेव्हा होकायंत्र वापरता येत नसेल तर पठाराच्या कडेकडेनं जाणारी वाट सोडू नका.