हाताने भरलेली काडतुसे एके दिवशी अचूक लागतात आणि दुसऱ्या दिवशी विखुरतात. पावडर बदलावी का?

आपण लिहिले आहे की, शिकारीच्या रायफलीसाठी आपण स्वतः भरलेली काडतुसे १०० मीटरवर कधी अडीच सेंटीमीटरचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) देतात, तर त्याच डब्यातली काडतुसे आठवड्याभराने सात सेंटीमीटर पसरतात, आणि म्हणून आपण पावडर (गोळीमागची दारू) बदलण्याच्या विचारात आहात. माझे उत्तर स्पष्ट आहे: बदलू नका. एकाच बैठकीत भरून एकाच डब्यात ठेवलेली काडतुसे आठवड्यात आपला गुण बदलत नाहीत. बदलते ते दुसरेच काहीतरी, आणि ते शोधण्यात माझे जवळजवळ एक वर्ष गेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझी रायफल अक्रोडाच्या दस्त्याची (नळीखालपर्यंत जाणाऱ्या लाकडी भागाची) आणि सडपातळ नळीची आहे. तिचे ग्रुप आपल्यासारखेच लहरी झाले, तेव्हा आमच्या गटातल्या एका ज्येष्ठांनी माझे टार्गेट पाहून चारचौघांत निकाल दिला की, काडतुसे भरताना माझ्या हाताला शिस्त नाही. ते वाक्य मला फार लागले. त्यानंतर सहा महिने मी प्रत्येक काडतुसाची पावडर ०.१ ग्रेनपर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, तोलून भरली. गोळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या केल्या. पुंगळ्यांची (काडतुसांच्या धातूच्या कवचांची) लांबी एकसारखी कापली. आणि गोळी किती खोल बसली हे तिच्या टोकावरून न मोजता, ती नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) जिथे टेकते त्या उतारावरून मोजले, कारण मऊ टोकाच्या गोळ्यांची टोके कधीच सारखी नसतात. एवढे करूनही ग्रुप होते तसेच राहिले.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले, म्हणजे कागद घेऊन हिशेब मांडला. सेकंदाला ८५० मीटर वेगाने निघालेली गोळी १०० मीटर अंतर सुमारे एक अष्टमांश सेकंदात कापते आणि तेवढ्या वेळात साधारण सात सेंटीमीटर खाली येते. वेगात १० मीटरचा फरक पडला, तरी या उतरण्यात दोन मिलिमीटरच्या आसपासच फरक पडतो. नळीच्या कंपनामुळे त्यात थोडी भर पडू शकते हे मान्य, पण ०.१ ग्रेन पावडरीमुळे वेग जेमतेम दोन मीटरने बदलतो, आणि तेवढ्याने सात सेंटीमीटरचा ग्रुप होणे शक्य नाही. शिवाय माझी भोके वर-खाली नव्हे, तर तिरकी, उजवीकडे वरच्या बाजूला सरकत होती. वेगातला दोष असे चित्र काढत नाही.

त्यानंतर मी एकच टार्गेट सलग दहा दिवस वापरले. रोज थंड नळीतून फक्त एक गोळी झाडायची, आणि भोकाशेजारी पेन्सिलीने तारीख व हवा लिहायची. शिकारीच्या रायफलीसाठी मी हीच कसोटी खरी मानतो, कारण जनावरासमोर थंड नळीतली पहिलीच गोळी मोलाची असते आणि ती चुकली तर जखमी जनावराचे हाल होतात. दहा दिवसांनी कागदावर दोन स्वतंत्र पुंजके दिसले: कोरड्या दिवसांची सहा भोके मध्याजवळ, आणि पावसाळी दिवसांची चार भोके उजवीकडे वर.

मी रायफल रिकामी करून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) काढून, नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवली. ही तपासणी मी आधीही केली होती, पण ऐन उन्हाळ्यात आणि रायफल हातात धरून, त्यामुळे पट्टी सहज फिरली होती आणि मी तो विषय तिथेच संपवला होता. या वेळी दमट हवा होती आणि दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकवलेला होता. खांद्याच्या पट्ट्याच्या पुढच्या कडीपासून चार बोटे मागे पट्टी अडकली आणि ओढताच फाटली. दस्ता उतरवला, तेव्हा नळी बसण्याच्या खाचेत डाव्या भिंतीवर नखाएवढा तुकडा घासून चकचकीत झालेला दिसला, आणि नळीवर नेमक्या त्याच जागी काळा मुलामा विरळ झाला होता. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगत होते आणि नळीला उजवीकडे वर रेटत होते.

ती भिंत मी पॉलिश पेपरने घासून कमी केली, उघड्या पडलेल्या लाकडाला वॉर्निश दिले आणि दस्ता पुन्हा कसला. त्यानंतरच्या दहा दिवसांच्या दहा गोळ्या, त्यांतले चार दिवस पावसाचे, चार सेंटीमीटरच्या आत बसल्या. आणि काडतुसे त्याच जुन्या डब्यातली होती.

आता आपला अडीच सेंटीमीटरचा ग्रुप. तो तीन गोळ्यांचा असावा असे मला वाटते, आणि तसे असेल तर त्यावर विसंबू नका. तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी अडीच सेंटीमीटर येत असतील, तर त्याच रायफलीचे, त्याच काडतुसांचे दहा गोळ्यांचे ग्रुप सरासरी चार सेंटीमीटरच्या घरात येतात. म्हणजे आपली अर्धी तक्रार नुसत्या मोजणीतूनही उद्भवलेली असू शकते. किमान दहा गोळ्या झाडल्याशिवाय दोन भरणींची तुलना करू नये, आणि पातळ नळी तापते म्हणून गोळ्यांमध्ये पुरेसा अवकाश ठेवावा. स्कोपच्या (दुर्बिणीच्या) माउंटचे आणि ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रू टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितलेल्या मापाप्रमाणेच आवळावेत, नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहावी, आणि आत गोळ्यांमुळे साचलेला तांब्याचा थर एकदा पूर्ण काढावा. हे सगळे एका दुपारचे काम आहे आणि त्याला पावडर लागत नाही.

त्या ज्येष्ठांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माझ्या डब्यात दोन वेगवेगळ्या खेपांच्या पुंगळ्या मिसळलेल्या होत्या, आणि जड पुंगळीच्या आत जागा कमी असल्याने तितक्याच पावडरीने दाब आणि वेग वाढतो. १०० मीटरवर याचा मागमूस नव्हता. ३०० मीटरवर मात्र १० मीटर वेगाचा फरक गोळी सुमारे दोन सेंटीमीटर वर-खाली नेतो, आणि खेपा वेगळ्या केल्यावर माझा तिथला उभा पसारा खरोखरच कमी झाला. त्यामुळे भरणीकडे दुर्लक्ष करावे असे माझे म्हणणे नाही. परंतु १०० मीटरवरचे तिरके सरकणे पाहून माणसाच्या हाताला दोष देणे चूकच होते, आणि ते मी त्यांना दोन्ही टार्गेट दाखवून सांगितले. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि आपल्याही दस्त्यात पट्टी फिरते का ते तपासतो, असे म्हणाले.

एक सूचना आधीच द्यायला हवी होती. एवढे करूनही आपण पावडर, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), गोळी किंवा पुंगळीची खेप यांतले काहीही बदललेच, तर जुने प्रमाण तसेच पुढे चालवू नका. भरणीच्या छापील कोष्टकातल्या सर्वांत कमी प्रमाणापासून पुन्हा सुरुवात करून, पुंगळीवर जास्त दाबाची चिन्हे दिसतात का ते पाहत, टप्प्याटप्प्याने वर या. आणि दस्ता घासण्यापूर्वी तो खरोखर कुठे टेकतो हे दमट दिवशी, पिशवीवर ठेवूनच पाहा, कारण घासलेले लाकूड परत भरून काढणे कठीण असते.