उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरावी का?

नाही. एप्रिलात बायकापोरांना घेऊन बेळगावहून अथणीला निघालाय म्हणता, तर मुळीच कमी भरू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर असतील तेवढे पौंड. भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल तर तो. आणि सकाळी निघायच्या आधी, टायर गार असताना.

या प्रश्नावरून आमच्या घरात कैक वर्षं वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या दाजींचं म्हणणं, "हवा तापली की फुगते मा, मग आधीच चार-पाच पौंड काढून ठेवायची." मे महिन्यात अथणीला लग्न होतं. बेळगावात सकाळी गारवा, म्हणून तिथं कुणाला काही सुचलं नाही. संकेश्वरला चहाला थांबलो तर दाजी उकिडवे बसून चारी टायरची हवा सोडायला लागले. मी म्हटलं, टायर आत्ता तापलेत, गार झाल्यावर आणखी कमी भरतील. "तू कालचा पोरगा!" गाडी त्यांची, मी गप्प. चिकोडी मागं पडली आणि मागचा डावा टायर बाजूनं उसवला. स्टेपनीतही हवा नाही. आक्का शालू नेसून बाभळीखाली उभी. एका टेम्पोवाल्यानं पंप दिला म्हणून निदान जेवणाच्या पंगतीला तरी पोचलो. दाजी आजही टायरच खराब होता म्हणतात.

हवा तापून दाब वाढतो हे खरंच आहे, पण चार-पाच पौंडांची ती वाढ कंपनीनं आकडा ठरवतानाच धरलेली असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते नि सुटते, आणि तार पुढं-मागं वाकवत राहिल्यावर तापते तशी ती आतून तापत जाते. टायर फाटतो तो त्यानं. नायट्रोजनच्याही मागं लागू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

बाकी काळजी म्हणाल तर कूलंट बघा, त्यात नुसतं नळाचं पाणी ओतू नका. इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू करा आणि गाडी कडेला घ्या. तापलेल्या रेडिएटरचं टोपण लगेच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता हेही सांगायला हवं, की हवा बरोबर असली तरी जुना टायर दगा देतोच. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी चांगली दिसली तरी गॅरेजवाल्याला दाखवा. (दाजींचा टायर जेमतेम दीड वर्षाचा होता, मी तेव्हाच बघून ठेवलंय.) आणि वाटेत उसाचा रस प्यायला उतरलात तर पोरांनाही उतरवा, काच थोडी उघडी ठेवून भागत नाही.