स्वालबार्ड आणि ग्रीनलंडचे खडक सारखे दिसतात, मग ते एकाच काळातले का मानू नयेत?

तुम्ही विचारलंय की पूर्व ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधले (आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं) प्राचीन हिमयुगाचे थर सारखेच दिसतात, तर ते एकाच वेळचे धरायला हरकत काय, आणि ते हिमनदीनेच टाकले हे कशावरून.

हरकत मोठी आहे. दिसण्यावरून वय ठरवणं ही आपल्या विद्यापीठांतली जुनी खोड आहे आणि तिचा फटका मला बसलाय. एम.एस्सी.चं माझं काम चंद्रपूर भागात होतं. तिथे इरईला तालचीरचा बोल्डर बेड, म्हणजे जुन्या हिमयुगातला गोट्यांचा थर आहे. त्याच्या खालच्या पैनगंगा चुनखडकावर बर्फाने घासल्याचे ओरखडे आहेत, आणि भूगर्भशास्त्रज्ञ फेडन यांनी ते 1870च्या दशकातच नोंदवले. भर उन्हात त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं की अंगावर काटा येतो. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी हा भाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता, त्या वेळची ही खूण.

माझ्या भागात अशा गोट्यांचे दोन उघडे थर होते, एकमेकांपासून बरेच लांब. सरांनी दोन्ही एकच म्हणून नकाशावर रेघ ओढायला सांगितली. मी म्हटलं, "सर, दुसऱ्याच्या वर-खाली काय आहे ते मोजू द्या. हे गोटे जुन्या थरातून वाहून येऊन पुन्हा साचलेलेही असू शकतात." उत्तर आलं, "लिथॉलॉजी (खडकाचं रंगरूप आणि घडण) जुळते ना? मग संपलं." माझं अख्खं प्रकरण लाल शाईने काटलं गेलं. तेव्हा मी गप्प बसलो, पण तो मुद्दा मी सोडलेला नाही.

आर्क्टिकमध्ये नेमका हाच मुद्दा दिसतो. ईशान्य स्वालबार्डमध्ये असे दोन थर आहेत: खाली पेट्रोव्हब्रेन, वर विल्सनब्रेन. पूर्व ग्रीनलंडमध्येही दोन: उल्वेसो आणि स्टोरेल्व्ह. सगळ्यांत लहानमोठे दगड एकाच गाळात विस्कटलेले. बरीच वर्षं स्वालबार्डचे दोन्ही थर एकाच हिमयुगाचे दोन टप्पे मानले जात. आता पेट्रोव्हब्रेन स्टर्टियन हिमयुगात बसवतात, जे सुमारे 71.7 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं, आणि विल्सनब्रेन मॅरिनोअनमध्ये, जे सुमारे 63.5 कोटी वर्षांपूर्वी संपलं. मधे कोट्यवधी वर्षं गेली, आणि नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत.

मग जुळवणी झाली कशी? वर-खालच्या चुनखडक आणि डोलोमाइटवरून. त्यांतलं कार्बनच्या समस्थानिकांचं (हलक्या आणि जड कार्बन अणूंचं) प्रमाण थरागणिक मोजायचं, आलेख काढायचा आणि दोन्हीकडच्या चढउतारांची चाल जुळते का ते पाहायचं. नोल आणि सहकाऱ्यांनी 1986 साली स्वालबार्ड आणि पूर्व ग्रीनलंडच्या खडकांवर हेच केलं. त्यात सगळा क्रम बोलतो, एकटा थर नाही. मी सरांना सांगत होतो ते हेच.

हिमनदीनेच टाकले का, हा प्रश्न वेगळा, आणि इथेही दिसण्यावर जाऊ नका. समुद्राखालच्या उतारावरून घसरलेला चिखलही हुबेहूब असाच थर करतो. नॉर्वेच्या वारांगर फ्योर्डच्या टोकाला बिग्गान्यार्गा नावाची जागा आहे, भूगर्भशास्त्रज्ञ रॉयश यांनी 1891 साली जगापुढे आणलेली. मी मुद्दाम तिथे जाऊन आलो. थर जेमतेम तीनेक मीटर जाडीचा आणि खाली ओरखडे पडलेला वालुकाश्म. एवढ्याशा जागेवर शंभर वर्षांहून जास्त वाद चाललाय. 1996 साली पुन्हा चिखलाच्या लोटाची बाजू मांडली गेली आणि 2000 साली जवळच्याच दुसऱ्या ओरखड्यांवरून हिमनदीच्या बाजूने उत्तर आलं. मी हिमनदीच्या बाजूचा आहे. पण एकट्या ओरखड्यांवर मी सही करणार नाही. मला बारीक पदरांच्या गाळात अडकलेला दगड दाखवा, ज्याच्या खालचे पदर दबून वाकलेत, काही तुटलेत, आणि वरचे पदर त्याच्यावरून अलगद गेलेत. शांत पाण्यात असा दगड तरंगत्या बर्फातून सुटून तळाशी पडतो. चिखलाच्या लोटात हे पदर शिल्लकच राहत नाहीत.

केंब्रिजचे भूगर्भशास्त्रज्ञ हार्लंड यांनी स्वालबार्ड-ग्रीनलंडच्याच खडकांवरून 1964 साली म्हटलं होतं की त्या हिमयुगात उष्ण कटिबंधातही बर्फ होता. त्यांनी नुसतं दिसणं नव्हे, खडकांतलं जुनं चुंबकत्व आणि थरांचा क्रम वाचला. स्वालबार्ड आज युरोपच्या बाजूला असलं तरी ईशान्य भागातले त्यानंतरच्या ऑर्डोव्हिशियन काळातले ट्रायलोबाइट (नामशेष झालेले कवचधारी सागरी जीव) उत्तर अमेरिका-ग्रीनलंडच्या घराण्यातले आहेत, म्हणजे दोन्ही जागा एकाच किनाऱ्यावर होत्या हे म्हणायला आधार आहे.

हो, कार्बनचा आलेखही डोळे मिटून घेऊ नका. नंतर झिरपलेल्या पाण्याने आकडे बदलतात. अशा गाळातल्या झिरकॉन या खनिजाचं वय मिळालं तरी ते बहुधा वाहून आलेल्या कणाचं असतं: थर त्याहून जुना नाही, इतकंच कळतं. आणि तुमच्या गाइडनी "लिथॉलॉजी जुळते" म्हणून रेघ ओढायला सांगितली, तर वर-खालचा क्रम मोजून टेबलावर ठेवा, तोंडी वाद घालू नका. मी तोंडी घातला होता, म्हणून प्रकरण गेलं. मोजमापांची वही हातात असती तर ते काटणं इतकं सोपं गेलं नसतं.