काहीच घ्यायचं नसेल तरी मुंबईच्या त्या हेरिटेज बिल्डिंगमधल्या डिझायनर शोरूममध्ये जाता येतं का?

जाता येतं हो, बिनधास्त जा.

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण अगदी हेच डोक्यात घेऊन मी मागच्या वर्षी सीएसएमटीला उतरली होती. तुम्ही विचारलंय की हॉर्निमन सर्कलजवळचं, लग्नाचे भारी कपडे करणाऱ्या डिझायनर सब्यसाचीचं शोरूम नुसतं आतून बघायचंय, घ्यायचं काही नाही, मग दारावर अडवतात का अन् कपडे काय घालून जायचं. कपड्यांचं शेवटी सांगते.

आधी माझं सांगते म्हणजे मी कशाला गेली ते कळेल. नागपूरला गोकुळपेठेत माझं ब्लाउज-लेहंग्याच्या शिलाईचं छोटंसं काम आहे, तीन मशीन, दोन बाया अन् एक हातकामवाला. तुळशीचं लग्न आटोपलं की नवऱ्या मुली फोन घेऊन यायला लागतात, सोबत आई, कधी होणारी नणंद, अन् स्क्रीनशॉट पुढे करतात, "ताई, सेम असंच पाहिजे, पण पंधरा हजारात बसवा". त्यातले कितीतरी फोटो सब्यसाचीचेच असतात. म्हणजे दहा वर्षं मी त्या माणसाच्या कामाची नक्कल करून राहिली (नक्कलच म्हणते मी, 'इन्स्पायर्ड' वगैरे कशाला उगाच) अन् त्याचं अस्सल एक कापड काही कधी हातात धरलेलं नव्हतं. फोटोत सगळं पुढूनच दिसतं नं, आमचं काम असतं उलट्या बाजूचं.

अन् भीती म्हणाल तर मलाही होती. एकदा एका मॉलमधल्या भारी शोरूममध्ये मी एक दुपट्टा नुसता बोटानं चाचपून बघितला तर तिथला पोरगा लांबूनच म्हणाला, "मॅडम, तो पंचेचाळीस हजाराचा आहे". मी किंमत विचारलीच नव्हती. तेव्हापासून अशा काचेच्या दारांपुढे आली की पाय आपोआप मागे येतो.

तर गेली. दुरांतोनं रात्री निघून सकाळी मुंबईत, भाची तिकडेच शिकते, ती घ्यायला आली. टॅक्सी करू नका, चालत जा, वीसेक मिनिटं लागतात अन् रस्ताच बघण्यासारखा आहे. डी. एन. रोडनं बिल्डिंगींच्या कमानींखालून फूटपाथ जातो, डोक्यावर ऊन नाही, खाली मोबाईल कव्हर, चष्मे, जुनी नाणी असं सगळं विकून राहिलेले. पुढे हुतात्मा चौकात इस्माईल बिल्डिंग लागते, तिथे २०१७ पासून झाराचं पन्नास हजार स्क्वेअर फुटांहून मोठं दुकान होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झालं अन् ती जागा भारतीय डिझायनरांचे कपडे विकणाऱ्या पर्नियाज पॉप-अपवाल्यांनी घेतली, म्हणजे आता आपलेच डिझायनर. झारा असताना मी तिथे एकदा जाऊन आली होती. आत सेलची गर्दी, ट्रायल रूमला लाइन, बाहेर शंभर वर्षांची दगडी बिल्डिंग, अन् वर छताकडे कोणी मान करून बघत नव्हतं. मीसुद्धा नव्हतं बघितलं, तेव्हा माझं लक्ष टी-शर्टच्या टॅगवर होतं.

हॉर्निमन सर्कल म्हणजे गोल बगीचा अन् त्याच्याभोवती अर्धगोलात एकसारख्या बिल्डिंगी, खाली कमानी. १८६० नंतर बांधायला घेतलं अन् १८७२ पर्यंत पुरं झालं, तेव्हा नाव एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर बेंजामिन हॉर्निमनचं नाव दिलं. हा बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक, इंग्रज असून आपल्या बाजूनं लिहायचा म्हणून १९१९ला सरकारनं त्याला उचलून विलायतेला धाडलं. पण मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. हा बगीचा व्हायच्या आधी इथे मोकळं मैदान होतं अन् त्याला कॉटन ग्रीनही म्हणायचे, कारण कापसाच्या गाठी इथेच रचून ठेवलेल्या असायच्या. म्हणजे आज जिथे लाखालाखाचे लेहंगे विकतात त्याच्या दारासमोर कधीकाळी नुसता कापूस पडलेला असायचा. आम्ही विदर्भातली माणसं, कापूस म्हटलं की आमचे कान उभे राहतात.

समोर टाउन हॉल आहे, १८३३चा, एशियाटिक सोसायटीवाला, त्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही दुकान उघडायची वाट बघितली. भाची म्हणे, "मावशी, हाकलून देतील नं आपल्याला?" म्हटलं हाकलायला का होईना, आधी आत तर घ्यावं लागेल.

दारवानानं दार उघडलं, नमस्कार केला, झालं. इतकंच. तुम्ही ज्याला घाबरून राहिलात ते एवढंच आहे.

ही बिल्डिंग जुनी बँकेची, हे दुकान तिच्यात २०२३ मध्ये सुरू झालं. चार मजले, पंचवीस हजार स्क्वेअर फुटांहून जास्त जागा. उघडलं तेव्हा छापून आलं होतं की आत १०० झुंबरं, २७५ गालिचे, ३००० पुस्तकं अन् १५० चित्रं आहेत. मी काही मोजली नाहीत पण खोटं वाटत नाही. आत गेल्यावर दुकान वाटतच नाही पहिली पाच मिनिटं, एखाद्या जुन्या जमीनदाराच्या वाड्यात त्यांचं लग्नघर चालू असताना चुकून शिरल्यासारखं वाटतं. भिंतीवर वरपासून खालपर्यंत तसबिरी, जुने फोटो, कपाटं, चिनीमातीची भांडी, इंचभर भिंत रिकामी दिसत नाही. भाचीला ते जास्तच वाटलं, "एवढं सामान पुसतं कोण" म्हणे. मला आवडलं. बँकेची उंच छतं असल्यामुळे एवढं कोंबूनही दम लागत नाही, हेच सगळं मॉलच्या आठ फुटी सीलिंगखाली ठेवलं असतं तर गोडाऊन झालं असतं.

एक बाई आल्या, काय बघायचंय विचारलं. इथे तुम्हाला माझा एकच सल्ला आहे, खोटं बोलू नका. "बहिणीचं लग्न आहे, बजेट बघून सांगतो" असली नाटकं लोक करतात अन् मग स्वतःच अडकतात. मी सरळ सांगितलं की मी नागपूरला ब्लाउज-लेहंगे शिवते, घ्यायची माझी ऐपत नाही, पण हातकाम जवळून बघायचंय. त्या हसल्या अन् एक लेहंगा समोर पसरला. मी विचारलं उलटा करून बघू का. म्हणाल्या, बघा.

आता हे वाचणाऱ्यातल्या ज्यांना शिलाईत रस नाही त्यांनी हा पॅरा सोडून द्या. आतून पूर्ण अस्तर, पण जिथे थोडं उचलता आलं तिथे बघितलं तर मागच्या गाठी दबलेल्या, दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लोंबत नेलेला नाही, तिथल्या तिथे संपवलेला. आमच्याकडे वेळ वाचवायला कारागीर दोरा तसाच ओढून नेतात, मग चार धुण्यात नाही पण चार घालण्यात बांगडी अडकते अन् फूल उसवतं. शिलाईत मार्जिन भरपूर सोडलेलं, म्हणजे बाई दोन साइज वाढली तरी उसवून मोठा करता येईल, अगदी आपल्या आज्या सोडायच्या तसं. अन् जरी! फोटोत मला नेहमी वाटायचं की ती एडिट करून मळकी दाखवतात. खरंच तशीच आहे, जुन्या देवघरातल्या पितळेसारखी, चमकत नाही, नुसती उजळते. मी इतके वर्षं चकचकीत टेस्टेड, म्हणजे नकली, जरी लावून "सेम" म्हणून देत होती, मनात थोडी लाज वाटली.

किंमत मीच विचारली, कारण विचारल्याशिवाय राहवतं का. लाखांमध्ये होती. आकडा सांगत नाही, माझे मिस्टरही हे वाचतात.

वर एका कोपऱ्यात उभं राहून मला उगाच आपली नागपूरची एम्प्रेस मिल आठवली. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून ते नाव. माझे आजेसासरे तिथेच कामाला होते, त्यांच्या डब्याच्या गोष्टी घरात अजून निघतात. आता त्या जागेवर मॉल उभा आहे, नाव तेवढं एम्प्रेस राहिलं, त्यात ब्रँडची दुकानंही आहेत. तिकडे बँक गेली पण भिंती ठेवून आत कपडे आले, इकडे आख्खी कापडाची गिरणी गेली अन् रेडिमेड टी-शर्ट आले. असो, विषय भलतीकडे चालला.

तर तुमच्या कामाचं. कपडे साधे घाला पण इस्त्रीचे, मी करवती काठाची टसर नेसून गेली होती, मुद्दाम. अन् गंमत बघा, त्या शोरूमच्या बाईंनी माझ्याच पदराचा काठ बोटात धरून विचारलं हे कुठलं काम. मी सांगितलं की करवतीच्या दात्यांसारखी किनार असते म्हणून करवती, ती छापलेली नसते, मागावरच विणतात, काठाचा धोटा वेगळा अन् अंगाचा वेगळा, आमच्या भंडारा-नागपूरकडची आहे. जवळजवळ दहा मिनिटं आम्ही माझ्याच साडीवर बोलत होतो. त्यामुळे घरात चांगली हातमागाची साडी किंवा कुर्ता असेल तर तोच घाला, नवीन घेत बसू नका.

फोटो विचारूनच काढा, मी काढलेच नाहीत कारण डोळ्यानं बघायला गेली होती. तळहात पुसून मगच कापडाला हात लावा, मुंबईच्या घामाचा भरवसा नाही. मोठी बॅग स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाका. शनिवार-रविवार नको, लग्नाची खरेदी करणारी कुटुंबं असतात, त्यांचा अन् दुकानवाल्यांचा वेळ आपण कशाला खायचा. अन् तासाभरात निघा, त्याहून जास्त वेळ थांबलं की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

रिकाम्या हातानं नागपूरला जायचं जिवावर आलं म्हणून तिथून निघून आम्ही मंगलदास मार्केटला गेलो अन् मी टू बाय टू रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचे, वीस पीस उचलले, मोठ्या उत्साहात ओझं वाहत आणलं. परत आल्यावर कळलं की तेच आमच्या नागपूरच्या गांधीबागेत पीसमागे चार रुपये स्वस्त आहे.